सात मिलिमीटर जास्तीचं टेबल

गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले आणि आईनं सांगून टाकलं की दोन रविवार सोडून तिसऱ्या रविवारी ती गावी चालली. सांगितलं पण कसं, तर भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं तसं. मी फर्स्ट शिफ्ट करून चाकणवरनं नुकताच आलेलो, बूट काढत होतो, एक पाय अजून बुटातच.

"कशाला?" मी म्हटलं.

"कशाला म्हंजे? घर हाय माझं तिथं."

घर आहे, खोटं नाही. मराठवाड्यात, तालुक्याच्या गावी, दोन खोल्यांचं. पण त्या घराला दारातच दोन उंच पायऱ्या, संडास अंगणाच्या पार टोकाला आणि तोही उकिडवं बसायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, गुडघा नवा आहे, आयुष्यात पुन्हा खाली बसायचं नाही. शेजारच्या गल्लीत मावशी राहते, पण ती स्वतःच दोन्ही गुडघ्यांना तेल चोळत बसलेली असते. आई तिथं एकटी असताना त्या अंगणात पाय घसरला तर, हा विचार मी दिवसातनं चार वेळा सुरू करायचो आणि चारही वेळा अर्ध्यात सोडून द्यायचो.

"इथं काय कमी आहे तुला?"

"कमी काय न्हाई बाबा. कामच न्हाई. सकाळी तू जातोस, मी त्या गॅलरीत बसून खालच्या गाड्या मोजते. काल पांढऱ्या लई होत्या."

आता आईचं काम म्हणजे शिवणकाम. वडील गेल्यापासून तिनं गावातल्या बायकांचे ब्लाऊज, परकर, फॉल-पिको करूनच मला शिकवलं. ऑपरेशनला पुण्याला आणताना तिनं मशीनचं वरचं धूड जुन्या नऊवारीत गुंडाळून सोबत घेतलं होतं, जणू गावात कोणी पळवून नेणार होतं. खालचा लोखंडी स्टँड आणि पायटा गावातच राहिला. राहिला ते बरंच झालं, कारण पायटा मारायला डॉक्टरांची बंदी. मोटर बसवली तर एका पायानं पॅडल दाबून चालेल, असं ते म्हणाले होते. पण मोटर बसवायला मशीन कशावर तरी ठेवावं लागतं, आणि आमचं मशीन पलंगाखाली, नऊवारीतच पडून होतं.

तयार टेबल बघायला आम्ही पिंपरीच्या बाजारात गेलो होतो. आईनं टेबलाला नुसता तळहात टेकवला आणि म्हणाली, "हलतंय." दुसऱ्याला टेकवला. "हे बी हलतंय." तिसऱ्याला हात न लावता बाहेर आली. शिवाय तिचा गुडघा पूर्ण वाकत नाही, पाय जरा लांब सोडून बसावं लागतं, म्हणजे टेबल नेहमीपेक्षा उंच हवं आणि खाली आडवी दांडी नको. असं टेबल कुठल्याच दुकानात नव्हतं.

मी बुटातला दुसरा पाय काढला आणि म्हणालो, "मी करतो टेबल."

"तू?" आई म्हणाली. "तू काय करणार, टेबलाचा आवाज?"

टोमणा बरोबर होता. माझ्या अंगात गुण एकच, मला आवाज काढता येतात. आमच्या लाइनचा सुपरवायझर, कंपनीच्या बसचा ड्रायव्हर, लिफ्टमधली ती बाई जी दरवाजा बंद करा म्हणते, सगळे. कंपनीत मी क्वालिटीला आहे, पार्टची मापं तपासतो, पण मला ओळखतात ते नकलांसाठी. कँटीनमध्ये कुणाचा वाढदिवस असला की मला बोलावणं असतंच.

पण सुतारकाम मला येत होतं. म्हणजे एकेकाळी येत होतं. आमच्या गावच्या शाळेत आठवीला संस्कृत नको म्हणून टेक्निकल घेता यायचं. मी संस्कृतला घाबरून घेतलं. वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड, एका अंगाला लोखंडकाम, एका अंगाला लाकूडकाम. सर नाकातनं बोलायचे. "करवतीला ढकलू नका रे. जाऊ द्या तिला. तिला रस्ता माहितीये." मी हे इतकं हुबेहूब करायचो की एकदा सर आले समजून अख्खी बॅच उभी राहिली. खरे सर तेव्हा दारातच होते. त्यांनी मारलं नाही. एक फळी शिकंज्यात अडकवली, रंधा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "नक्कल चांगली करता. आता आवाजाची नको, हाताची करा."

दोन तास फळीला रंधा मारत होतो. पहिला अर्धा तास रंधा नुसता अडकत होता, बॅच हसत होती. मग मी सरांचे खांदे आठवले. ते हातानं ढकलायचे नाहीत, कमरेतनं पुढं यायचे, आणि शेवटाला मनगट किंचित उचलायचे. तसं केलं आणि रंध्याच्या तोंडातनं एक लांब, कुरळी, पारदर्शक पट्टी निघाली. ती खाली पडली तेव्हा बॅच पुढं सरकून बघत होती. नक्कल म्हणजे नीट बघणं, हे मला त्या दिवशी कळलं. दोन लाकडं अर्धी-अर्धी खाचून एकमेकांत बसवायची, त्या हाफ लॅप जॉइंटला दहावीत पूर्ण मार्क होते मला. मग डिप्लोमा, मग चाकण, मग गेज आणि कॉम्प्युटर. लाकडाला हात लावून बारा वर्षं झाली होती.

सगळ्यात आधी मी टेपनं गॅलरी मोजली. आईला बसायला तीच जागा हवी होती, उजेड तिथलाच. भिंतीपासनं भिंतीपर्यंत अकराशे ऐंशी मिलिमीटर. मशीनचंही माप घेतलं. टेबल भिंतीला स्क्रूनं जखडलं असतं तर काम सोपं होतं, पण आमच्या घरमालकांचा एकच नियम, भिंतीला खिळा नाही. कॅलेंडर टांगायचं तर दाराच्या कडीला टांगा. म्हणून मी ठरवलं, टेबल दोन भिंतींच्या मध्ये गच्च बसलं पाहिजे, इकडं सरकायला जागा नाही, तिकडं नाही. मग हलेल कशाला? अकराशे पंच्याहत्तरचं करायचं. दोन्हीकडं अडीच मिलिमीटर, तिथं रबराची पट्टी. क्वालिटीचा माणूस आहे मी, हे असलं मला लगेच सुचतं.

आता घरमालक. त्यांना मी काका म्हणतो. पिंपळे गुरवमधलं जुनं गावकरी घराणं. शेतात बिल्डिंग उभी राहिली, ते तळमजल्यावर राहतात, आम्ही तिसऱ्यावर. पण काकांनी जन्मभर नोकरी केली ती भोसरीला, पॅटर्न मेकर म्हणून. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या पार्टचा लाकडी नमुना करतात, त्याच्यावरनं मातीत साचा उठवतात. तो नमुना काका करायचे. आता ते काम मशीनवर होतं. काकांची हत्यारांची पेटी जिन्याखाली कुलपात होती. मी मागितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांची मुलगी मागितली.

"वापरता येतंय का?"

"शाळेत होतं काका."

"शाळेत तर काय काय असतंय," ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन स्वतः वर आले.

आमच्या हॉलमध्ये त्यांनी एकेक हत्यार काढून फरशीवर मांडलं. आई खुर्चीत बसून बघत होती. काकांची बोलायची एक तऱ्हा आहे. आधी तीन वेळा घसा खाकरणार, मग एक भुवई वर, मग "आमच्या टायमाला" आणि तिथनं गोष्ट निघाली की भोसरी, दापोडी करत जेवणाची वेळ होईपर्यंत परत यायची नाही. रंध्याची गोष्ट झाली. दोन पटाश्यांची झाली. मग त्यांनी मीटरभर लांब एक पोलादी पट्टी काढली, जुनी, कडा हातानं गुळगुळीत झालेल्या, मागची अक्षरं झिजून गेलेली. घसा खाकरला. एकदा, दोनदा, तीनदा. भुवई वर गेली.

"ही पट्टी, पोरा, तशी साधी न्हाई. हिचं काय हाय..."

आणि मला राहवलं नाही. मी त्यांच्याच आवाजात पुढं चालू केलं. "हिचं काय हाय, ही मला माझ्या उस्तादानं दिली. त्याला त्याच्या उस्तादानं. हिला उन्हात ठेवायची न्हाई, पावसात ठेवायची न्हाई, भाडेकरूला द्यायची न्हाई."

आई हसली. नुसती हसली नाही, पदर तोंडाला लावून, डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली. ऑपरेशननंतर तिला असं हसताना मी बघितलंच नव्हतं. मग मला कोण थांबवणार, राव. मी भुवई उचलली, घसा खाकरला, भोसरीपर्यंत जाऊन आलो. काकाही हसले. "लेका, माझ्या बायकोला ऐकव हे एकदा," म्हणाले. पट्टी पेटीत ठेवली, पेटी माझ्याकडं सोडली, गुडघ्यावर हात टेकत उठले आणि खाली गेले.

लाकूड मी चाकणच्या रस्त्याला जुन्या पॅलेट विकतात तिथनं आणलं. बाहेरच्या देशातनं मशिनरी येते त्या खोक्यांचं पाइन. फळ्यांवर कुठल्यातरी भाषेतली काळी अक्षरं, बाण, छत्रीचं चित्र. कंपनीच्या बसमधनं आणायला ड्रायव्हर तयार नव्हता. मी त्याच्याच आवाजात त्याची परवानगी काढली, मागच्या सीटवरची पोरं हसली, तोही हसला, म्हणाला, "टाक मागं, पण शेवटचं."

गच्चीवर काम सुरू केलं. फर्स्ट शिफ्ट सुटली की चारच्या आसपास घरी, चहा, की वर. पहिले दोन दिवस नुसते खिळे उपटले. एक राहिलाच, तो रंध्याच्या पात्याला भेटला. पातं घासत बसलो, अर्धा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी करवत वाकडी गेली. माझ्या तोंडात सरांचा नाकातला आवाज आला, जाऊ द्या तिला, आणि मी जोर सोडला. करवत आपोआप रेघेवर आली. मी गच्चीवर एकटाच होतो, पण हसू आलं.

मग रंधा. वरची राखाडी साल निघाली, काळी छत्री निघाली, आणि आतनं पिवळं, ताजं लाकूड आलं. त्याला वास कसा, तर दिवाळीत नवीन पेटी उघडल्यासारखा. कुरळ्या पट्ट्या पायाशी साचत गेल्या. आठ तास मी मायक्रॉनमध्ये मापं घेतो, पण ते पार्ट दुसऱ्यानं केलेले, तिसऱ्याच्या गाडीत जाणारे. माझं काम फक्त बरोबर किंवा नाही म्हणायचं. इथं माझ्या हाताखाली फळी सपाट होत होती आणि ती बरोबर आहे का हे मला तळहातानंच कळत होतं. बोटं सोलली, एक कुसळ अंगठ्यात घुसलं, आईनं सुईनं काढलं. काढताना म्हणाली, "बारा वर्षात हात बायकी झाले तुझे." पण चष्मा लावून, उजेडाकडं धरून, बराच वेळ ती माझा हात बघत होती.

ती रोज लिफ्टनं वर यायला लागली. प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची. "इथं गोलाई दे, साडी अडकती." "टेबलाचे पाय जरा बाहेर काढ, माझा पाय सरळ राहतोय." मी सगळं करायचो. आणि तरी मधूनच म्हणायची, "माझी बॅग माळ्यावरनं काढून ठेव बाबा. रविवार आला." मी हो म्हणायचो आणि काढायचो नाही.

लाकडावर माप घेताना टेप मी वापरलीच नाही. टेपचा हूक ढिला असतो, कंपनीत आम्ही टेपला माप म्हणतच नाही. काकांची पोलादी पट्टी हातात होती. काय पट्टी होती ती. रेघा अशा बारीक आणि खोल की पेन्सिलीचं टोक त्यात आपोआप बसायचं. हजार मोजायचे, खूण करायची, पुढं एकशे पंच्याहत्तर. चारही पायांचे हाफ लॅप जॉइंट, मशीन बसायचं भोक, सगळं त्याच पट्टीनं. शनिवारी दुपारी टेबल उभं राहिलं. मी पट्टी लावून तपासलं, एक हजार एकशे पंच्याहत्तर. कर्ण तपासले, दोन्ही सारखे. असा पार्ट लाइनवर आला असता तर मी त्याला आरतीचं ताट दाखवलं असतं.

काकांच्या पोराला हाक मारून आम्ही दोघांनी ते खाली आणलं. पोरगा गेला. मी टेबल गॅलरीत घातलं.

गेलं नाही.

एक बाजू आत गेली, दुसरी भिंतीच्या बाहेर. तिरकं केलं, परत सरळ केलं. खांद्यानं ढकललं. प्लास्टरला ओरखडा पडला, घरमालक आठवले, थांबलो. पट्टी लावली. अकराशे पंच्याहत्तर. टेपनं गॅलरी मोजली, अकराशे ऐंशी. दोन्ही बरोबर. पण टेबल आत जाईना.

"वाढलं का?" आई म्हणाली.

"टेबल वाढत नाही, आई. भिंत वाकडी असेल." कंपनीत असं झालं की आम्ही आधीच्या डिपार्टमेंटवर ढकलतो, तीच सवय.

आई उठली, तिच्या डब्यातनं शिवणाची कापडी टेप काढली, गॅलरीत हळूहळू गेली आणि या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत लावली. "जेमतेम साडेसेहेचाळीस इंच." मग टेबलाला लावली. "पावणेसत्तेचाळीस. तुझं टेबल मोठं हाय."

"आई, ती कापडाची आहे. ताणली गेली असेल. ही बघ, पोलादाची."

"ह्या टेपनं गावातल्या बायकांची मापं घेतली मी," ती म्हणाली. "कुणाचं ब्लाऊज दंडात रुतलं म्हणून परत आलं न्हाई. तुझी ती पट्टी नीट बघ."

तिच्या समाधानासाठी म्हणून मी काकांची पट्टी फरशीवर ठेवली आणि शेजारी माझी टेप ओढली. सुरुवातीला रेघा जुळत होत्या. शंभरला एक मिलिमीटर पुढं. पाचशेला पाच. पट्टीचा मीटर संपला तिथं टेपवर एक हजार दहा होते.

 कंपनीत रोज सकाळी मी पहिलं काय बघतो, तर गेजवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर, म्हणजे ते गेज कधीपर्यंत खरं धरायचं ती तारीख. तारीख संपली असेल तर गेज बाजूला. आणि इथं दोन आठवडे मी एका चुकीच्या पट्टीनं कापलं आणि त्याच चुकीच्या पट्टीनं तपासून स्वतःला पास केलं. आई बॅगकडं बघायला लागली, जी तिनं दुपारी शेजारच्या बाईंकडनं माळ्यावरनं काढून घेतली होती आणि पलंगावर उघडी ठेवली होती. आत दोन साड्या घडी घालून तयार.

मी पट्टी घेऊन तीन मजले जिन्यानं उतरलो, लिफ्टची वाट बघवेना. काका ओट्यावर पेपर वाचत होते. माझ्या हातातली पट्टी बघितली, माझं तोंड बघितलं आणि पेपर खाली ठेवला.

"हिनं मोजलंस व्हय?"

"हो."

"समदं?"

"समदं, काका."

त्यांनी डोळे मिटले. "मी सांगणार हुतो," ते म्हणाले. "पण तू माझा आवाज काढत हुतास. ताई हसत हुत्या. म्हटलं हसू दे, मागनं सांगू. मागनं इसरलो."

  ते उठले, चप्पल घातली, म्हणाले, "चल वर."

वर येऊन त्यांनी आईला हात जोडले, खुर्ची ओढून बसले आणि पट्टी मांडीवर घेतली. ह्या वेळी मी तोंडाला कुलूप लावलं.

"ताई, ही आकसाची पट्टी हाय. पातळ लोखंड साच्यात ओतलं की गार होताना आकसतंय. मीटरला धा मिलिमीटर. म्हणून आमी लाकडाचा नमुना आधीच मोठा करायचो. आता दर टायमाला हिशोब कोण करणार? चुकलं की अख्खी कास्टिंग भंगारात. म्हणून पट्टीच मोठी बनवलेली असती. हिच्यावर मीटर लिहिलाय, पण खरा तो मीटर आन् धा मिलिमीटर."

मी म्हटलं, "म्हणजे काका, टेबल लोखंडात ओतलं असतं तर बरोबर बसलं असतं."

"बसलं असतं. मग ताईंना मशीनसंगं क्रेन पण लागली असती."

आई मात्र आमच्या विनोदात नव्हती. ती पुढं झुकून पट्टी बघत होती. "कापडाचं तसंच हाय," ती म्हणाली. "मांजरपाटाचा परकर शिवायचा तर वारामागं दोन बोटं जादा धरावं लागतंय. पहिल्या धुण्यात आत जातोय. नवीन बायका कापून मोकळ्या होतात, मग गिऱ्हाईक परकर आणून तोंडावर टाकतंय."

"आन् टेरिकॉटला?"

"टेरिकॉटला काय न्हाई. कापडाकापडावर हाय."

"बरोबर. आमचं पण धातूधातूवर हाय," काका म्हणाले. "ॲल्युमिनियमची पट्टी येगळी, लोखंडाची येगळी." मग माझ्याकडं वळून, "बघ. त्यास्नी एका वाक्यात कळलं. आमच्याकडं नवीन पोरं सहा सहा महिने घ्यायची."

त्या दोघांचं असं चालू झालं की मी दारात उभा, कुणी विचारेना. पंधरा मिनिटं कोण किती आकसतं ह्यावर बोलले. आईचा आवाज गावातला झाला होता, गिऱ्हाइकाशी बोलतानाचा, जरा वरच्या पट्टीतला. तो आवाज मला काढता येतो, पण तिच्या तोंडून तो किती दिवसांनी ऐकला होता.

शेवटी मी म्हटलं, "आता काय करायचं? दोन स्क्रू भिंतीत मारले तर बाहेरच्या बाहेर बसवता येईल, काका."

"हात लावून बघ भिंतीला," काका म्हणाले. "टेबलातनं काढायचं. दोन्ही अंगानं सारखं. एकाच अंगानं काढलंस तर मशीन मधोमध ऱ्हाणार न्हाई."

"करवतीनं?"

"पाच-सहा मिलिमीटरला करवत? रंधा आण."

सात मिलिमीटर जास्तीचे, वर पाच आधी ठरवलेली रबराची जागा. बारा काढायचे, सहा इकडचे, सहा तिकडचे. पेन्सिल वर गच्चीवर राहिली होती. आईनं तिचा शिवणाचा खडू काढला, कापडी टेपनं मोजलं आणि लाकडावर निळी रेघ ओढली, एका झटक्यात, जशी ती कापडावर ओढते. काका म्हणाले, "ह्यास्नी आमच्याकडं कामाला घ्यायला पाहिजे हुतं."

फळीच्या टोकाला रंधा मारणं अवघड. लाकडाच्या शिरा उभ्या येतात, कड फुटते. मी पहिलाच हात मारला आणि एक ढलपी उडाली. काकांनी माझ्या हातातनं रंधा घेतला. त्यांचा हात आता थरथरतो, चहाची बशी ते दोन्ही हातांनी धरतात. पण रंधा टेकवला आणि थरथर कुठं गेली कुणास ठाऊक. "कडंकडनं मधी ये. मग दुसऱ्या कडंकडनं मधी. कधीच आरपार जायाचं न्हाई." दोन हात मारले, धाप लागली, माझ्याकडं दिला. ते कोपर अंगाला चिकटवून धरतात, हे मी बघून ठेवलं होतं. मीही तसाच धरला. रंधा चालायला लागला.

"आता माझा आवाज काढत न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"हात काढतोय तुमचा."

ते खिडकीबाहेर बघत बसले.

सहाच्या सुमाराला, दोन्ही टोकांना रबराची पट्टी लावून, टेबल गॅलरीत गेलं. शेवटच्या बोटभर जागेला मी तळहातानं थाप मारली आणि ते आत बसलं. आईनं पुढं होऊन हात टेकवला. दाबला. दोन्ही हात टेकवून अंगाचं वजन टाकलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. ती काही म्हणाली नाही, म्हणजे हलत नव्हतं.

मशीन नऊवारीतनं काढून भोकात ठेवलं तर तेही जरा ढिलं. अर्थात, भोकही त्याच पट्टीचं. चार मिलिमीटर मोकळे. मी परत तोंड पाडायच्या आत आईनं जुन्या ब्लँकेटच्या काठाची पट्टी कापली, दुमडली आणि चारी बाजूंनी बोटानं आत कोंबली. मी आधीच आणून ठेवलेली मोटर लावली. चांगला पाय पॅडलवर, नवा गुडघा पुढं लांब सोडलेला. फडक्याचा तुकडा घालून तिनं एक शिवण मारली. ब्लँकेटमुळं मशीन खडखडत नव्हतं, नुसतं गुणगुणत होतं.

"गावातल्या स्टँडवर असं वाजत न्हवतं," आई म्हणाली. कौतुक होतं का तक्रार, कळलं नाही.

काका उठले. दारापर्यंत गेले, परत वळले. "ताई, आमच्या हिच्या चार साड्या पडून हायत. फॉल-पिकोला कुणाकडं द्यायच्या म्हणती. पर तुमी तर उद्या चाललाय."

आईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. 

"आणून द्या," ती म्हणाली. "पण उद्या होणार न्हाईत. फॉल आधी भिजत घालावा लागतोय, मग वाळवायचा. घाईत लावला की साडी खालनं गोळा होती."

"मग कधी म्हणू हिला?"

"सांगते की. बघू तर द्या आधी साड्या."

रविवारी सकाळी मी उठलो तर गॅलरीतल्या दोरीवर चार फॉल ओले लटकत होते, थेंब माझ्या नव्या टेबलावर पडू नयेत म्हणून खाली वर्तमानपत्र. आई मावशीशी फोनवर बोलत होती. "न्हाई येत आज. अगं, काम हाय. ...न्हाई, दिवाळीपर्यंत म्हणत न्हाई मी, पण ह्या आठवड्यात न्हाई. ...बरं, ऐक, फळीवरचा दोऱ्यांचा डबा ट्रॅव्हल्सला दे पाठवून. हितं रंग मिळतेत का न्हाई काय म्हाईत."

फोन ठेवून तिनं मला जवळ बोलावलं. मोरपंखी साडीच्या आतल्या कडेतनं ओढलेला एक धागा माझ्या तळहातावर ठेवला आणि मूठ बंद केली.

"डबा यायला दोन दिवस जातेत. पिंपरीत जा, ह्या रंगाचं रीळ आण. दुकानदाराचं ऐकू नको, दाराबाहेर उन्हात नेऊन बघ."

मी पायात चप्पल घातली. लिफ्टमध्ये मूठ उघडून बघितली, धागा होता. परत बंद केली.